रेषेखालचं पाणी

बोअरची गाडी ओढ्यापाशी आली तेव्हा मी गोठ्यात शेण भरत होते. आधी आवाज आला, मग धूळ उठली, आणि धुळीतून लोखंडी मनोरा पाठीवर आडवा घेतलेली ती लांबडी गाडी बाहेर पडली. मागून पाईप भरलेली दुसरी. दोन्ही गाड्या पलीकडच्या चढाला लागल्या. त्या चढावर एकच मळा होता. माझ्या धाकट्या भावाचा, हणमंताचा.

मी हात धुवायच्या आत सरपंच संपतराव आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. मोटारसायकल त्यांनी बंदसुद्धा केली नव्हती.

"बघितलंस का, शेवंताक्का?"

"बघितलं."

"पाण्याच्या समितीत तू हायस. भाऊ तुझा हाय. जाऊन थांबव."

"तुम्ही सरपंच हाय. तुम्ही चला की संगं."

"मी गेलो तर राजकारण केलं म्हणतील. तू गेलीस तर घरातली गोष्ट घरात मिटंल." मग गाडी वळवता वळवता म्हणाले, "आणि तू न्हाय गेलीस तर गाव काय म्हणंल ते तुझं तुला कळतंय. भावाचं बोअर म्हणून डोळं झाकलं."

ते गेले. आमचे मालक ओसरीवर दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "जाऊ नको. माहेर एकच असतं माणसाला."

पण मला जावंच लागणार होतं. ते का, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आमच्या खोऱ्यात पाऊस आला तर येतो. एकदा ओळीनं तीन वर्षं आला नाही. जनावरं छावणीत, माणसं टँकरमागं, आणि ज्यांच्यात ताकद होती त्यांनी बोअर पाडायचा सपाटा लावला. एकानं तीनशे फूट पाडलं की शेजारी चारशे, त्याच्या शेजारी सहाशे. आमच्या विहिरींना झरा असतो तो वरच्या मुरमातला. खालून बोअरनी ओढायला सुरुवात केल्यावर तो मुरूम कोरडा पडला आणि साऱ्या विहिरी एका उन्हाळ्यात उघड्या पडल्या. शेवटी बोअरही फुफाटा ओकायला लागली. तेव्हा कुठं गाव शुद्धीवर आलं. ग्रामसभेत ठराव झाला की शेतीसाठी बोअर कुणी पाडायचं नाही. होती ती बुजवायची. पाणी विहिरीचंच वापरायचं, आणि प्रत्येक विहिरीत समितीनं तेलरंगानं लाल रेषा मारायची. पाणी त्या रेषेच्या खाली गेलं की शेतीची मोटर बंद. खाली उरलेलं माणसांचं आणि जनावरांचं.

त्या ठरावाला सगळ्यांनी हात वर केले होते. हणमंतानं केला होता. माझ्या वडिलांनी, आबांनी, तर सगळ्यांच्या आधी केला होता. आणि पाणी खरंच परत आलं. एका पावसात नाही आलं, पण वर्षागणिक थोडं थोडं चढत गेलं. ओढ्याला पौष महिन्यापर्यंत ओल राहायला लागली.

पाणी आलं तशी माणसांची हावही आली. हणमंतानं डाळिंब लावलं. बाग फळाला आली त्या वर्षी पाऊस अर्ध्यावर राहिला, माघातच त्याची विहीर रेषेखाली गेली, आणि मी समितीची म्हणून स्वतः जाऊन त्याला मोटर बंद करायला सांगितलं. त्यानं बंद केली. मला बस म्हणाला नाही. बागेला फुलं धरली होती.

मी ओढा उतरून त्याच्या मळ्यात पोचले तेव्हा गाडीचा मनोरा उभा राहिला होता. पाणाड्यानं दाखवलेल्या जागेवर हळदकुंकू वाहून नारळ ठेवला होता. माझी भावजय मालन उदबत्ती लावत होती. आबा बांधावरच्या बाभळीखाली बसले होते. हणमंत एजंटशी बोलत होता. मला बघून त्यानं बोलणं थांबवलं नाही, आवाज वाढवला.

"हणमंता," मी म्हटलं, "गाडी परत धाड."

"पूजेला आलीयास का भांडायला?"

"ठराव झालाय."

"ठराव झाडाला पाजू का?" तो माझ्याकडं वळला. "फुलं धरल्यात, आक्का. महिन्याभराचं पाणी पाहिजे. महिनाभर. मग मी स्वतः बुजवतो बोअर."

"पाणी लागल्यावर बुजवलेलं कुणी बघितलंय आजवर?"

"समदं गाव गप बसलंय आणि तुलाच तेवढी आग लागलीया." मग त्यानं आवाज खाली आणला. तो खाली आणलेला आवाज मला लहानपणापासून माहीत होता. त्याच्या पुढं मारामारी असायची. "तुझ्या नवऱ्याची विहीर खालच्या अंगाला. माझी मोटर वर बंद पडली की तुझी विहीर भरती. त्याच्यासाठी चाललंय हे. समितीचं नाव आणि पोट तुझं."

"वन्संना वाटा पाहिजे आसंल," मालन म्हणाली. "सरळ मागत न्हाईत, आशा वाकड्या वाटंनं येत्यात."

"वाटा सोडल्याची सही करून दिलीया मी. तू ह्या घरात यायच्या आधीच."

"मग आता कशाला येता?"

 मी पुढं झाले, नारळ उचलून बाजूला ठेवला, आणि त्या हळदकुंकवावर मांडी घालून बसले.

मालन किंचाळली नाही. ती सावकाश म्हणाली, "पूजेच्या जागेवर बसली. ह्या बाईनं आपल्या बागेवर बसून शाप दिला."

"ऊठ," हणमंत म्हणाला.

"न्हाय."

"माणसं बघत्यात."

"बघू दे."

माणसं खरंच बघत होती. गाडीचा आवाज ऐकून गाव बांधावर गोळा झालं होतं. पुढं पुरुष, मागं डोईवर पदर घेतलेल्या बायका. संपतरावही येऊन उभे होते, जरा कडेला, नुसतेच वाटेनं चालले होते असे. मला बरं वाटलं. मी हाक मारली, "या की खाली. हात तुम्ही पण वर केलं होतं. चौघं येऊन बसला तरी गाडी जातीया."

कुणी हललं नाही. एकानं विडी पेटवली.

"गावातल्या एका माणसानं तरी या," मी पुन्हा म्हटलं.

एक बाई दुसरीच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं. ती माणसं माझ्या बाजूची नव्हती. हणमंताच्या बाजूची असती तरी मला समजलं असतं. ती कशाची तरी वाट बघत उभी होती.

हणमंतानं ड्रायव्हरला खूण केली. कॉम्प्रेसर सुरू झाला. तो आवाज छातीच्या आतून येतो. सगळ्या मळ्यातली धूळ उठून माझ्या तोंडावर आली. डोळे मिटून मी पदर नाकाला लावला. उघडून बघितलं तेव्हा ड्रायव्हर माझ्या समोर वाकून उभा होता. तो मद्रासकडचा, मराठी त्याला येत नव्हती. "अम्मा, उठो," तो म्हणत होता. "लोहा गिरेगा. उठो, अम्मा." मी मान हलवली. तो परत जाऊन हणमंताला म्हणाला, "औरत बैठी है. मैं नहीं करेगा."

हणमंतानं माझा दंड धरला आणि ओढलं. मी मातीत फरफटत वीतभर सरले आणि परत जागेवर आले. त्यानं पुन्हा ओढलं. माझ्या बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं. ते बघून तो थांबला, आणि थांबावं लागलं ह्याचाच त्याला जास्त राग आला.

"आबा," तो ओरडला, "हिला सांगा."

आबा बाभळीखालून उठले. काठी टेकत आले. ड्रायव्हरनं कॉम्प्रेसर बंद केला तसं एकदम सगळं शांत झालं. मला वाटलं, आता आबा बोलतील. हा ठराव व्हावा म्हणून ग्रामसभेत ते किती बोलले होते. गावाला समजावताना ते म्हणाले होते की आपण एकाच ताटातलं जेवतोय आणि कुणी ताटाला भोक पाडू नये.

"ऊठ, शेवंते," आबा म्हणाले.

"आबा, तुम्ही हे म्हणताय?"

"ऊठ."

"तुम्हीच शिकवलंत की आम्हाला."

"शिकवलं आसंल." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, काठीच्या टोकाकडं बघितलं. "मला ह्याच्या चुलीवर जेवायचंय, बाई. तू उठून तुझ्या घरी जाशील. मी कुठं जाऊ?"

 त्या दिवशी मला जे जे कुणी बोललं त्यात हे सगळ्यात खरं होतं, आणि सगळ्यात जास्त तेच लागलं. तरी मी उठले नाही. आता कशासाठी बसले होते हे मला धड सांगता आलं नसतं. उठले तर सगळंच गेलं, एवढंच कळत होतं.

ऊन चढलं. एजंट फेऱ्या घालत होता. कातडी बूट, गळ्यात साखळी, कानाला फोन. फोनवर कुणाला तरी "आलो, आलो" म्हणून झाल्यावर तो हणमंतापाशी आला. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायची त्याला सवय होती.

"दादा, बहिणीचं मिटवा लवकर. माझी गाडी अशी उभी ठेवून चालत न्हाय. तुमचं झालं की लगेच सरपंचांच्या मळ्यात लावायची हाय, आणि तिथनं पुढं खोऱ्यात समदीकडं. तुमच्यापायी समद्यांचं अडतंय."

हणमंत म्हणाला, "कुणाच्या मळ्यात?"

एजंटाला आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. त्यानं बांधाकडं हात केला. "सरपंचांच्या. ओढ्याच्या वळणावर. आणि हे समदे उभे हायत त्यांच्या. बोअरचं पॉइंट काढून झाल्यात की. म्हणले, पहिलं एक होऊ दे, मग कुणाला बोलायला तोंड राहणार न्हाय."

मी बांधाकडं बघितलं. विडी ओढणारा विडी विझवत होता. हसणाऱ्या बायका हसत नव्हत्या. संपतराव खाली वाकून चपलेत काहीतरी शोधत होते.

गाव माझ्यामागं का उभं राहिलं नाही ते मला तेव्हा समजलं. कुणालाच पहिलं व्हायचं नव्हतं. हणमंत पहिला होणार होता, आणि त्याला अडवायला मी. मी अडवू शकले नाही की गावाला म्हणता येणार होतं, सख्ख्या बहिणीला जमलं नाही तर आम्ही काय करणार. त्यासाठी संपतराव सकाळी माझ्या दारात आले होते. मी थांबवावं म्हणून नाही, माझ्याच्यानं थांबू नये म्हणून.

हणमंत बांधाकडं चालत गेला. संपतरावांपुढं उभा राहिला.

"तूच म्हणालास," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "माझ्या ओसरीवर बसून चहा पिताना म्हणालास, हणमंता, तुझी बाग जळताना बघवत न्हाय, तू घे पाडून, समितीला मी सांभाळतो. तुझ्या एकट्यासाठी करतोय म्हणालास."

"आरं, तसं न्हवं—"

"वळणावर तुझा मळा. माझ्या खालच्या अंगाला. मी चारशे फुटांवर पाणी लावायचं आणि तू सहाशेवर जाऊन ओढायचं. चैताला माझं बोअर फुफाटा टाकणार आणि तुझा ऊस हिरवा."

"आधी तू बहिणीला उठव, मग मला बोल," संपतराव म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला. "तुझ्या घरातलं तुला आवरंना आणि मला शिकवतोस? समद्यांच्या पिकांचं वाटोळं करतीया ती एकटी. उचल तिला न्हायतर आम्ही उचलतो."

बांधावरची माणसं ह्या बोलण्यानं पुढं सरकली. "उचला, उचला," कुणीतरी मागून म्हणालं. पण आता त्यांची नजर माझ्यावर होती आणि तिच्यात सकाळची मजा उरली नव्हती. एक ढेकूळ येऊन माझ्या खांद्यावर फुटलं. दुसरं मालनच्या पायाशी पडलं.

हणमंत परत फिरला. माझ्याजवळून गेला, थांबला नाही. ड्रायव्हरला म्हणाला, "मनोरा खाली घे. गाडी काढ."

"दादा, ॲडव्हान्स परत मिळणार न्हाय," एजंट म्हणाला.

"गाडी काढ."

मालन धावत आली. "आवं, बाग," ती म्हणाली. "बाग जाईल की आपली."

 गोठ्यामागं जाऊन त्यानं ट्रॅक्टर सुरू केला आणि उतारावरून खाली नेला. ओढ्यापाशी वाटेला दोन फाटे फुटतात. एक डांबरी रस्त्याला जातो, दुसरा वळणावरून गावाच्या मळ्यांकडं. त्या दुसऱ्या फाट्याच्या तोंडाशी हणमंतानं ट्रॅक्टर आडवा लावला, चावी खिशात टाकली आणि सीटवर बसून राहिला.

बोअरची गाडी खाली आली आणि तिथं अडली. संपतराव आले, त्यांची पोरं आली, काठ्या आल्या. मी चढावरून बघत होते. शिव्या माझ्यापर्यंत येत होत्या. कुणीतरी ट्रॅक्टरचे दिवे फोडले. हणमंत सीटवरून उतरला नाही. डोक्याला लागून कपाळावर रक्त आलं तरी उतरला नाही. फक्त एकदा म्हणाला, आणि ते ओढ्यापल्याडच्या माणसांनीही ऐकलं, "माझं झालं न्हाय. कुणाचंच हुणार न्हाय."

दुपार कलली तसा ड्रायव्हर कंटाळला. एजंट फोनवर बोलून बोलून थकला. शेवटी दोन्ही गाड्या डांबरीच्या फाट्याला लागल्या आणि आल्या तशा धुळीत गेल्या. माणसं पांगली. जाताना बायका माझ्या बाजूला थुंकल्या.

मी उठले. पाय बधिर झाले होते. मालन खोपटाच्या दारात बसून होती, ती मान वळवून बसली. आबा पुन्हा बाभळीखाली जाऊन बसले होते. मी एकटीच खाली आले. हणमंत अजून ट्रॅक्टरवर होता. कपाळावरचं रक्त वाळलं होतं. माझ्या पदराचं टोक मी ओढ्यातल्या खडकात उरलेल्या डबक्यात भिजवलं आणि त्याच्यापाशी गेले.

"पुसते जरा," मी म्हटलं.

त्यानं माझा हात बाजूला सारला. ढकलला नाही; माशी वारावी तसा सारला.

"तुझ्यासाठी बसलो न्हाय मी," तो म्हणाला. "ध्यानात ठेव. तू माझी बाग मारलीस. संपतरावानं मला बैल केला. दोघांचं बी तोंड मला बघायचं न्हाय."

चैत्रात फुलं गळली, मग पानं. हणमंतानं झाडं वाळायची वाट बघितली नाही. वैशाखात एके सकाळी कुऱ्हाड घेऊन बागेत उतरला. ओढ्याच्या ह्या अंगाला मला ते घाव ऐकू यायचे. आमचे मालक म्हणाले, दार लावून घे. मी लावून घेतलं नाही.

त्या उन्हाळ्यात खोऱ्यात बोअर पडलं नाही. पुढच्याही नाही. कुणी गाडी आणायचा विषय काढला की हणमंत त्या फाट्यावर जाऊन उभा राहायचा. माणसं त्याला घाबरायला लागली. ज्याचं सगळं गेलंय त्याला घाबरावंच लागतं. पुढच्या निवडणुकीत संपतराव पडले. गावाला हणमंत आवडत होता म्हणून नाही; संपतरावांचं गुपित फुटल्यावर त्यांच्या बाजूनं उघड बोलायला कुणाला तोंड राहिलं नव्हतं म्हणून. हणमंत समितीचा अध्यक्ष झाला. मला त्यानं समितीतून काढलं. बैठकीत म्हणाला म्हणे, नात्यातलं माणूस नको.

आबा वारले तेव्हा मी गेले. बायकांत बसले. मालननं सगळ्यांना पाणी दिलं, माझ्यापाशी येऊन मला न देता तांब्या पुढं नेला. मी आबांच्या पायाला हात लावला आणि घरी आले.

हे सगळं होऊन बरीच वर्षं झाली. माझे केस पांढरे झाले. खोऱ्यातल्या विहिरींना आजही पाणी आहे. बाहेरून माणसं बघायला येतात, गावानं एकजुटीनं कसं केलं म्हणून विचारतात. गाव सांगतं. काय सांगतं ते मी ऐकायला जात नाही.

मागच्या वर्षी आमचा कांदा शेवटच्या पाण्यावर होता. एक पाणी मिळालं असतं तर पोसला असता. विहीर रेषेच्या खाली बोटभर गेली होती. आमचे मालक म्हणाले, बोटभरानं कुणाचं काय जातंय, आणि मोटर लावली. मी त्यांना अडवलं नाही. पाटाचं पाणी वाफ्या-वाफ्यात सोडत दारं धरत होते.

हणमंत एकटाच आला. आता त्याला चालताना धाप लागते. विहिरीत वाकून बघितलं, मग मोटरीच्या पेटीकडं गेला आणि बटण बंद केलं. पाटातलं पाणी हळूहळू थांबलं. आमचे मालक काहीतरी पुटपुटले.  समितीचा नियमच होता, पहिल्या चुकीला स्टार्टर काढून न्यायचा. हणमंत पेटीपाशी बसून नट सोडवायला लागला.

नट गंजले होते. बोटांनी फिरेनात. हाताला जोर राहिला नव्हता त्याच्या. तो जोर लावायचा, थांबायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा लावायचा. मी पाटातून बाहेर आले. मग घरात गेले, फळीवरची पक्कड घेतली आणि बाहेर येऊन त्याच्यापुढं धरली.

त्यानं वर बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.  पक्कड घेतली, नट सोडवले, स्टार्टर काखेत मारला. पक्कड मात्र माझ्या हातात परत दिली नाही. विहिरीच्या काठावर ठेवली आणि ओढ्याच्या वाटेला लागला.

"कांदा गेला," आमचे मालक म्हणाले.

"गेला," मी म्हटलं, आणि पक्कड उचलून घरात नेली.